इनलेट व्हॉल्व्ह उशिरा का बंद होतो?

उभ्या गाडीचे इंजिन अडखळत, ठोके चुकवत धडधडू लागले की आत ‘रेसिंग कॅम’ बसला आहे आणि ताकद वाढली आहे, असा समज गाड्यांच्या शौकिनांत पक्का रुजला आहे. प्रत्यक्षात ती धडधड म्हणजे कमी फेऱ्यांवर इंजिनाचा श्वास बिघडल्याची खूण असते. इंजिनाने कोणत्या वेगाला सर्वाधिक हवा भरून घ्यावी, एवढेच कॅमशाफ्ट, म्हणजे आपल्या फुगवट्यांनी (कॅमनी) व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा, ठरवतो.

शालेय आकृतीत पिस्टन तळाला पोहोचताच इनलेट व्हॉल्व्ह (सिलिंडरमध्ये हवा आत घेणारी झडप) बंद होतो. खऱ्या इंजिनात मिनिटाला ६००० फेऱ्यांवर पिस्टनला वरून खाली यायला अवघे ५ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात इनलेटच्या नळीतील हवेने असा वेग घेतलेला असतो की पिस्टन वर वळला तरी ती जडत्वामुळे सिलिंडरमध्ये शिरतच राहते. लोकलच्या दारातला माणूस थांबला तरी मागचा लोंढा त्याला आत रेटतो, तसेच हे आहे.

ही हवा पदरात पाडून घ्यायची तर व्हॉल्व्ह उघडा ठेवायला हवा. क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) २४० अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा कॅम, त्या काळाचा मध्य पिस्टन माथ्याला असल्यापासून ११० अंशांवर धरल्यास, पिस्टन तळ सोडून ५० अंश पुढे गेल्यावर व्हॉल्व्ह बंद करतो. २८० अंशांचा कॅम ७० अंशांवर. तोवर पिस्टन पहिल्या कॅममध्ये साधारण आठवा हिस्सा, तर दुसऱ्यात चौथा हिस्सा वर आलेला असतो. खरा दाब तिथून पुढे सुरू होतो. म्हणजे कागदावर ९ असलेले कॉम्प्रेशन गुणोत्तर (मिश्रण किती पट दाबले जाते ते) पहिल्यात सुमारे ८, तर दुसऱ्यात ७ च्या आसपास उरते. कनेक्टिंग रॉडच्या लांबीनुसार हे आकडे थोडे बदलतात. मोठ्या वेगाला जडत्वाने भरलेली जादा हवा ही तूट भरून काढते, पण शहरातल्या २००० फेऱ्यांवर तो जोर नसल्याने आत आलेले मिश्रण पिस्टन परत नळीत ढकलतो आणि गाडी मलूल वाटते.

धडधडीचे कारण मात्र ओव्हरलॅप, म्हणजे इनलेट आणि एक्झॉस्ट (जळलेला वायू बाहेर सोडणारा) हे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा काळ. एक्झॉस्टचा कॅमही तसाच धरला तर हा काळ २० अंशांवरून ६० अंशांवर जातो, आणि आयडलिंगला (गाडी उभी असताना इंजिन चालू असते तेव्हा) इनलेटमधील निर्वात ओढीने जळलेला वायू उलटा आत शिरतो. होंडाने १९८९ मध्ये व्हीटेक ही यंत्रणा आणून एकाच शाफ्टवर सौम्य आणि उग्र असे दोन्ही लोब (कॅमचे फुगवटे) बसवले, ते या पेचातून सुटण्यासाठीच.

म्हणून कॅम निवडताना आपली गाडी बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर चालते, हे आधी पाहावे. दोन कंपन्यांचे अंश ताडून पाहायचे असतील, तर दोन्ही १.२७ मिलिमीटर लिफ्टवर (कॅमने दिलेल्या उचलीवर) मोजलेले असावेत. उग्र कॅमला स्प्रिंगही कडक लागतात.

बसवताना कॅम क्रँकच्या तुलनेत ४ अंश पुढे घेतला तर इनलेट तितकाच लवकर बंद होतो आणि खालच्या फेऱ्यांचा टॉर्क सुधारतो. पण तो उघडतोही लवकर, त्यामुळे वर येणाऱ्या पिस्टनच्या अधिक जवळ जातो. म्हणून पिस्टनच्या माथ्यावर मऊ मॉडेलिंग क्ले लावून, हेड (सिलिंडरवरचे, व्हॉल्व्ह असलेले झाकण) कसून, क्रँक हाताने दोन फेरे फिरवतात; मग हेड काढून, व्हॉल्व्हचा ठसा उमटलेला क्ले ब्लेडने कापून सर्वांत पातळ जागी मोजतात. इनलेटखाली साधारण २ आणि एक्झॉस्टखाली २.५ मिलिमीटर जाडी मिळाली नाही, तर पिस्टनवरील खाचा खोल करून घ्याव्यात किंवा सौम्य कॅम घ्यावा.