रबरचाकी मोटरची शिवणयंत्रे : मुंबईतील संग्रह आणि दुरुस्ती

मोटरच्या दांड्यावरचे लहान रबरी चाक हातचाकाच्या कडेला टेकून ज्यांना फिरवते, अशी विजेवर चालणारी जुनी शिवणयंत्रे जमवणे आणि मूळ रचनेतच पुन्हा चालती करणे. या यंत्रांत पट्टा नसतो आणि मोटरला दातेरी चाकेही जोडलेली नसतात. मोटरची ओढ केवळ घर्षणाने पोहोचते. घरच्या उषा किंवा सिंगरवर बॉबिन भरताना वाइंडरची रबर रिंग चाकाला टेकवतात, तेव्हा हेच तत्त्व वापरात येते. फरक एवढाच, की तिथे चाक रबराला फिरवते आणि इथे रबर चाकाला.

ही पद्धत मुख्यतः अमेरिकी कारखान्यांची. टॉमस व्हाइट यांनी १८५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला आणि १८६६ मध्ये ओहायोतील क्लीव्हलँडला हलवलेला व्हाइट कंपनीचा उद्योग त्यात आघाडीवर होता. त्यांची ‘रोटरी’ यंत्रे सिअर्स या दुकानसाखळीने केनमोर आणि फ्रँकलिन या नावांनीही विकली. पायाने चालणाऱ्या जुन्या यंत्राच्या चाकाला लावायची हॅमिल्टन बीच कंपनीची सुटी मोटरही याच जातीची. सिंगरने मात्र १०१ आणि २०१ या मॉडेलांत दातेरी चाके वापरली, तर १९३३ च्या २२१ ला पट्टा दिला. रबरी चाकाचे फायदे साधे होते. मोटर यंत्राच्या खांबामागे दडते, पट्टा ताणत बसावे लागत नाही आणि सुई अडकली तर रबर घसरते, त्यामुळे आतले भाग सहसा वाचतात.

मुंबईत अशी यंत्रे कमीच सापडतात. इथल्या घरांत सिंगर आणि कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची उषा यांचेच राज्य होते. ती हातमशीन किंवा पायमशीन असत आणि पुढे ऐपतीप्रमाणे त्यांना पट्ट्याची मोटर बसे. रबरचाकी यंत्र हाती लागते ते चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर, शुक्रवारच्या रस्त्यावरच्या बाजारात किंवा पुनर्विकासाला निघालेल्या इमारतीत आवराआवर चालू असताना. भंगारवाला ते किलोवर घेतो, कारण बिडाचे वजन भरपूर असते आणि मोटर लावून पाहिली तर चाक हलत नाही. ‘बंद आहे’ असे सांगून विकलेल्या यांतल्या बऱ्याच यंत्रांत बिघाड फक्त अंगठ्याएवढ्या रबरात असतो.

मिस्त्रीचा हात पट्ट्याला सरावलेला. रबर गेलेले दिसले की तो सरळ सांगतो, ‘हे काढून पट्टा टाकू.’ हा सल्ला घेऊ नये. पट्ट्याने जोडलेली दोन चाके एकाच दिशेने फिरतात आणि कडेला कड टेकलेली उलट दिशांनी. त्यामुळे त्याच मोटरवर पट्टा चढवला की यंत्र उलटे धावते, दोरा गुंतून गोळा होतो आणि दोष मात्र शटलला लागतो. त्यात व्हाइट रोटरीचे हातचाक मुळातच शिवणाऱ्यापासून दूर फिरते, सिंगरचे त्याच्याकडे; मग बाजारातली तयार मोटर लावूनही गोंधळ मिटत नाही. नवी मोटर बसवायला बिडात एकदा भोक पाडले, की ते यंत्र पुन्हा मूळचे होत नाही. अशी कितीतरी चांगली यंत्रे मोडीत गेली, आणि ती हळहळ या छंदातल्या प्रत्येकाला असते.

रबराची परीक्षा कानाने करता येते. मोटरवरचे चाक २० मिमी आणि हातचाक १२० मिमी व्यासाचे असेल, तर मोटर सहा वेळा फिरते तेव्हा एक टाका पडतो. म्हणून एका टाक्याला एकदाच ठक् ऐकू आले तर दोष सुईदांडा किंवा शटलकडे शोधावा. एका टाक्यात पाच-सहा वेळा ठकठक होत असेल तर रबर एका बाजूला चपटे झाले आहे. वर्षानुवर्षे एकाच जागी दाबून राहिल्याने असे होते. चपटेपणा किरकोळ असेल तर मोटर सुटी काढून, फिरत्या चाकावर बारीक पॉलिश पेपर धरून तो काढता येतो. कडक होऊन तडकलेले रबर मात्र बदलावेच लागते. नागदेवी स्ट्रीटवर तेलाला टिकणारी नायट्राइलची ओ-रिंग मिळते. ती खाचेत बसत नसेल तर लेथवाल्याकडून रबर कातून घ्यावे. व्यास मूळचाच ठेवावा. मोठ्या चाकाने वेग वाढतो पण ओढ कमी होते, आणि जीन्सच्या शिवणीवर मोटर गुरगुरत थांबते.

चाकाची कड स्पिरिटने पुसून कोरडी ठेवावी. घसरते म्हणून मोटरला चाकाकडे दाबून धरणारी स्प्रिंग अधिक आवळली तर मोटरचा दांडा ज्यांत फिरतो ते बुश झिजतात. अंदाजासाठी रबर आणि चाक यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरावी. ती ओढल्यावर अडखळत, पण न फाटता बाहेर आली की दाब बरोबर. जाम झालेले यंत्र रॉकेलने सोडवताना आधी मोटर उतरवावी, कारण रॉकेलने साधे रबर फुगते. घरात कोणी खोबरेल तेल घातले असेल तर त्याचा चिकटा काढायलाच सर्वांत जास्त वेळ जातो.

विजेच्या बाबतीत घाई जिवावर बेतू शकते. अमेरिकी मोटर आणि दिवा ११० व्होल्टचे असतात. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर ते जळतात. मोटर एसी-डीसी दोन्हींवर चालणारी असल्याने ५० आणि ६० हर्ट्‌झचा फरक तिला बाधत नाही, फक्त स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. मोटरवरच्या माहितीच्या पट्टीवर एक अँपिअर लिहिले असेल तर ११० वॉट होतात, म्हणजे २०० वॉटचा ट्रान्सफॉर्मर पुरे. लोहार चाळीत तो मिळतो. त्याआधी कापडी वेष्टनाखालचे कुजलेले वायरिंग बदलावे, कार्बन ब्रश पाहावेत आणि पहिला प्रवाह सिरीज बल्बमधूनच, म्हणजे मोटरच्या वाटेत एकसरीत जोडलेल्या बल्बमधूनच, द्यावा: बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे, मंद पेटून मोटर फिरू लागली तर पुढे जावे. जुन्या दोन-पिनी वायरला अर्थिंग नसते. मुंबईच्या पावसाळ्यात दमट मोटरमधून वीज अंगावर उतरली की लोखंडी यंत्राला लावलेला हात झटका खातो. म्हणून तीन पिनांची वायर घालून मोटर आणि यंत्राचे अंग दोन्ही अर्थला जोडणे आवश्यक आहे.

यंत्र ठेवून देताना रबर चाकापासून सुटे करावे. मोटर मागे अडकवायची सोय नसेल तर मोटर आणि यंत्राचा खांब यांच्यामध्ये लाकडी पाचर सारावी आणि वापरण्यापूर्वी ती काढल्याची खात्री करावी.