विषाणूजन्य हृदयलयदोष

डेंग्यू, फ्लू, कोविड असल्या विषाणूंच्या आजारात किंवा ताप उतरल्यावर हृदयाचे ठोके भलतेच जोरात, भलतेच सावकाश किंवा मधेच चुकत पडायला लागतात, त्याला विषाणूजन्य हृदयलयदोष म्हणतात. धडधड, चक्कर, दम लागणं ही लक्षणं सगळ्यांना माहितीच आहेत. जोरात धावणारी नाडी बहुतेक वेळा तापाची, शरीरातलं पाणी कमी झाल्याची किंवा घाबरल्याची असते, खरा वाद आहे तो सावकाश नाडीवर.

ताप चढला की नाडी पळते, दर १ अंश सेल्सियसला साधारण ८ ठोके, असा लीबरमायस्टर या जर्मन डॉक्टरच्या नावाने चालणारा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे एरवी ७२ असणारी नाडी ३९.५ तापात ९२च्या आसपास हवी, ती ६४ दिसली तर काहीतरी वेगळं चाललंय. याला फाजेचं लक्षण म्हणतात, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या झां शार्ल फाजे या डॉक्टरवरून, त्यांनी ते पीतज्वरात (यलो फीवर) नोंदवलं. कधी नोंदवलं यावर एकमत नाही, काहीजण १८५०च्या दशकाकडे बोट दाखवतात, पण घड्याळ आणि थर्मामीटर दोन्ही वापरून केलेली पद्धतशीर मांडणी त्यांच्या १८७५च्या फ्रेंच प्रबंधात आहे आणि तीच धरणं जास्त बरं, कारण तापमानाचे तक्ते ठेवायची पद्धत जर्मन डॉक्टर वुंडरलिश यांच्या १८६८च्या ग्रंथानंतरच नीट रुजली. (पीतज्वर भारतात नाही, त्याचा एडिस डास मात्र घरोघरी आहे.) आणि हे लक्षण फक्त विषाणूंचं नाही, टायफॉइडमध्येही दिसतं, त्यामुळे एकट्या नाडीवरून निदान करू नये.

डेंग्यूत नाडी मंदावते ती बऱ्याचदा ताप उतरताना. पेशंट जेवायला मागतोय, प्लेटलेट वर चढतायत आणि रात्री झोपेत मॉनिटरवर ४४ आकडा बघून नातेवाइकांची झोप उडते. कारण काय, तर एक मत हृदयस्नायुशोथाचं, म्हणजे विषाणूमुळे स्नायूला सूज, आणि दुसरं व्हेगस नर्व्हचा, म्हणजे ठोके सावकाश करणाऱ्या नसेचा, जोर वाढल्याचं. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल असेल, चालल्यावर नाडी आपोआप वाढत असेल तर दुसरं मतच पटतं, आणि असे बहुतेक पेशंट काही दिवसांत औषधाविना ठीक होतात.

ईसीजीच्या पट्टीवर कधी ठोका गळण्याचा वेंकेबाख नावाचा प्रकारही दिसतो. पट्टी सेकंदाला २५ मिलिमीटर सरकते, एक बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा, पी लाटेपासून पुढच्या टोकदार लाटेपर्यंत ५ चौकोनांपर्यंत चालतं, इथे मात्र हे अंतर प्रत्येक ठोक्याला लांबत जातं आणि मग एक ठोका गळतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू.

खऱ्या हृदयस्नायुशोथाची गोष्ट वेगळी. त्यात कॉक्सॅकी विषाणूवर सगळ्यात जास्त काम झालंय, नाव न्यूयॉर्क राज्यातल्या गावाचं, विषाणू डॉलडॉर्फ आणि सिकल्स यांनी १९४८ मध्ये वेगळा केला. तो पेशीत शिरायला जे प्रथिन वापरतो तेच हृदयाच्या पेशी एकमेकींना जोडणाऱ्या सांध्यांवर असतं, आणि उंदरांमध्ये ते काढून टाकलं तर विषाणू नसतानाही वरच्या कप्प्यातून खाली जाणारा विजेचा संदेश अडतो. म्हणजे ताल बिघडायला सूजच लागते असं नाही. निदानासाठी १९८६चे डॅलस निकष स्नायूचा तुकडा काढून बघायचे, पण सूज ठिपक्याठिपक्यांनी असते, तुकडा नेमका निरोगी जागेचा आला की रिपोर्ट स्वच्छ, म्हणून हल्ली एमआरआयवर भर आहे.

कोविडमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, जास्त दिसलं, विशेषतः वयस्कर आणि आयसीयूतल्या पेशंटमध्ये. मात्र २०२० साली हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि अझिथ्रोमायसिन जोडीने दिलं जात होतं, दोन्ही औषधं ईसीजीवरचं क्यूटी अंतर, म्हणजे खालच्या कप्प्यांत एका ठोक्याची वीज सुरू होऊन शांत होईपर्यंतचा वेळ, लांबवतात आणि त्यानेही ताल बिघडू शकतो, त्यामुळे तेव्हाचे सगळेच बिघाड विषाणूच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

ठोके फारच अडले तर तात्पुरता पेसमेकर लावतात. हृदयस्नायुशोथ होऊन गेलेल्यांना जिम, पळणं, गडचढाई ३ ते ६ महिने बंद ठेवायला सांगायची पद्धत आहे; डेंग्यूनंतर नुसती नाडी मंदावलेल्यांना हे लागू नाही.