आंतरराष्ट्रीय विद्यार्थी वसतिगृहे, नवी मुंबईतील

नवी मुंबईतील विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या आवारात परदेशी विद्यार्थ्यांच्या निवासासाठी केलेली सोय. कुठे स्वतंत्र इमारत, कुठे देशी विद्यार्थ्यांच्याच वसतिगृहातील एखादी विंग किंवा मोजक्या खोल्या, असे तिचे स्वरूप असते.

विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थेतच राहायला ठेवण्याच्या या प्रथेच्या उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक ती बौद्ध विहारांपर्यंत मागे नेतात. नालंदा येथे इ. स. सातव्या शतकात ह्यूएनत्संग व त्यानंतर इत्सिंग हे चिनी भिक्षू राहून शिकले, हे त्यांच्याच वृत्तांतांवरून ज्ञात आहे. ठाणे परिसरात या मताला आधार आहे तो कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांचा. तेथील शके ७७५ (इ. स. ८५३) च्या सुमाराच्या, म्हणजे कोकणच्या शिलाहार राजांच्या अमदानीतील एका लेखात गौड देशाहून (बंगालहून) आलेल्या अविघ्नाकर नामक उपासकाने भिक्षूंसाठी निवासाची सोय करून वस्त्रांसाठी कायम ठेव दिल्याची नोंद आहे. दाता दूरदेशीचा होता एवढे यावरून कळते. राहणारे कोठले होते, हे कळत नाही. तेथीलच अकराव्या शतकाच्या प्रारंभीचे पहलवी (जुन्या इराणी) भाषेतील लेख तर भेटीस आलेल्या पारशांची नावे देऊन थांबतात. पाहुणा आणि विद्यार्थी यांत भेद करायचा, तर हा पुरावा तोकडा ठरतो. दुसरे मत इंग्लंडच्या निवासी महाविद्यालयांकडे बोट दाखवते. मुंबई-पुण्याच्या जुन्या महाविद्यालयांपुरते ते ग्राह्य आहे. तिसऱ्या मतानुसार आजच्या वसतिगृहाचा साचा महाराष्ट्रातील बोर्डिंगांत घडला : शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात १९०१ मध्ये निघालेले व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात काढलेले वसतिगृह ही त्याची ठळक उदाहरणे. शिक्षणसंस्थेनेच राहण्याजेवण्याचा भार उचलावा ही अपेक्षा येथूनच रुजली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र बोर्डिंगे गावाकडच्या गरीब मुलांसाठी होती. प्रस्तुत वसतिगृहे सहसा भरभक्कम शुल्क आकारतात.

नवी मुंबईत त्यांची जडणघडण शैक्षणिक विचारापेक्षा जमिनीच्या व्यवहाराने अधिक ठरली. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. तत्कालीन ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील गावांच्या जमिनी संपादून नोड, म्हणजे नियोजित उपनगरे, पाडण्यात आले आणि संस्थांना शैक्षणिक वापराचे भूखंड भाडेपट्ट्याने मिळाले. सेक्टरमधील भूखंड बेताचा. त्यामुळे वर्ग, मैदान आणि वसतिगृह एकाच कुंपणात बसवावे लागले आणि इमारती उंच झाल्या. नेरूळचे डी. वाय. पाटील विद्यापीठ (२००२ पासून अभिमत) व खारघरची राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था ही परिचित आवारे.

भारतातील परदेशी विद्यार्थ्यांची संख्या २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात ४८,०३५ होती. त्यांत सर्वांत मोठा गट, सुमारे २८ टक्के, नेपाळचा. नेपाळ व भूतानच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही. इतरांपैकी १८० दिवसांहून अधिक मुदतीचा व्हिसा असणाऱ्यांना आल्यापासून १४ दिवसांत परकीय नागरिक नोंदणी कार्यालयात नोंदणी करावी लागते. परदेशी व्यक्तीला ठेवून घेणाऱ्याने चोवीस तासांत कळवायची माहिती ‘सी फॉर्म’ या नावाने रुळली आहे : पासपोर्ट व व्हिसाचे क्रमांक, भारतात आल्याची तारीख, आधीचा मुक्काम, पुढचा मुक्काम. आवारात हे काम रेक्टरचे कार्यालय उरकते. बाहेर खोली घेणाऱ्यापुढे लिव्ह अँड लायसन्सचा करार, त्याची महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ खाली सक्तीची नोंदणी, पोलिसांना खबर आणि बहुधा सोसायटीची संमती एवढे सगळे येते. शिवाय सी फॉर्म घरमालकाच्या गळ्यात पडतो आणि कित्येक मालक तेवढ्यावरूनच नकार देतात. वसतिगृहाच्या पलंगाची खरी किंमत येथे कळते. परकीयांविषयीचे १९३९ व १९४६ चे जुने कायदे रद्द करणारा आप्रवास व परकीय नागरिक अधिनियम १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला; कळवण्याचे बंधन कायम आहे.

नियमावली सर्वत्र जवळपास सारखी : हालचाल वही (जाण्यायेण्याची नोंद), रात्रीची हजेरी, खोलीत शेगडीला मनाई. अडचण होते ती सुटीत. दिवाळीला देशी मुले घरी जातात, मेस बंद होते आणि मागे राहतात ते परदेशी विद्यार्थीच. अशा वेळी त्यांना एका विंगेत एकत्र आणून बाहेरचा डबा लावू दिला जातो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर क्षमतेवर २५ टक्क्यांपर्यंत अधिसंख्य, म्हणजे जादा, जागांना मुभा दिली. जागा कागदावर वाढतात. खोल्या बांधाव्या लागतात. आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी परदेशी विद्यापीठांना भारतात आवार काढण्याची वाट मोकळी केली. त्यानंतर जून २०२५ मध्ये ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया ही विद्यापीठे, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची डिझाइन संस्था आयईडी यांना मुंबई-नवी मुंबईसाठी इरादापत्रे देण्यात आली. अशा आवारांसाठीची सिडकोची नियोजित एज्युसिटी ही शैक्षणिक वसाहत नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात आहे.