फ्लॅपशेल की लीथचे कासव: पाठ पाहू नका, पोट पाहा

पावसाळ्यात ठाण्यातल्या एखाद्या रस्त्यावर मऊ पाठीचे कासव सापडले की त्याचे छायाचित्र सोसायटीच्या ग्रुपवर येते आणि थोड्याच वेळात कोणीतरी ते अतिदुर्मीळ लीथचे कासव असल्याचे जाहीर करते. बहुतेक वेळा ते आपले नेहमीचे फ्लॅपशेल असते. दोन्ही जाती भारतीय आहेत, दोन्ही गोड्या पाण्यातल्या आहेत आणि दोन्हींना कायद्याचे संरक्षण आहे. परंतु त्यांची घरे निराळी आहेत आणि ओळख चुकली की कासव भलत्याच पाण्यात सोडले जाते, म्हणून हा घोळ मला क्षुल्लक वाटत नाही.

फ्लॅपशेलविषयी फार सांगायला नको. तळी, भातखाचरे, विहिरी आणि संथ ओढे यांत राहणारे, बेडूक, मासे, गोगलगाई आणि पाणवनस्पती असे मिळेल ते खाणारे हे कासव साधारण वीतभर ते दीड वीत लांबीचे असते. लाल कानाच्या विदेशी कासवाची पाठ टणक असते आणि त्याच्या डोळ्यांमागे लाल पट्टा असतो. त्याच्याशी गल्लत होण्याचे काही कारण नाही.

खरा गोंधळ उडतो तो मऊ पाठीच्या दोन कासवांमध्ये. कातडीने मढलेली चपटी पाठ, नळीसारखे पुढे आलेले नाक, लांब मान आणि प्रत्येक पायाला तीन नख्या ही लक्षणे दोघांतही आहेत, त्यामुळे ती कितीही बारकाईने तपासली तरी निर्णय होत नाही. निर्णय पोटाकडे होतो. फ्लॅपशेलच्या पोटाच्या कवचाला मागच्या बाजूस, डावीकडे आणि उजवीकडे, कातडीची एकेक लवचीक झडप असते. कासवाने मागचा पाय आत ओढला की पाकिटाचे झाकण मिटावे तशी ती झडप पायावर येऊन बसते आणि पाय पूर्ण दिसेनासा होतो. लीथच्या कासवाला अशा झडपा नाहीत. त्याने पाय कितीही आखडले तरी ते मागून उघडेच दिसतात. हे पाहण्यासाठी कासवाला उताणे करून हाल करू नयेत. पारदर्शक प्लास्टिकच्या टबात ठेवून खालून एक छायाचित्र घेतले की पुरते. हाताळताना मात्र जपावे, कारण ही मान पाठीवरून बरीच मागे वळते आणि चावा जोरदार असतो.

लोक पाहतात ते ठिपके आणि आकार, आणि दोन्ही फसवे आहेत. इंटरनेटवर फ्लॅपशेल शोधले की उत्तर भारतातल्या उपजातीची पिवळ्या ठिपक्यांची चित्रे समोर येतात. आपल्याकडच्या उपजातीची पाठ साधी, तपकिरी-हिरवट असते, म्हणून 'हे फ्लॅपशेल नव्हेच' असा निष्कर्ष काढला जातो. लीथच्या पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखी गोल चिन्हे असतात, पण ती वयाबरोबर फिकी पडतात. आकाराचेही तेच: लीथचे कासव दोन फुटांपर्यंत वाढते हे खरे, पण त्याचे पिल्लू मोठ्या फ्लॅपशेलहून कितीतरी लहान असते.

लीथचे कासव १८७२ साली ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी पुण्याहून मिळालेल्या नमुन्यावरून नोंदवले. भीमा, कृष्णा, गोदावरी, कावेरी अशा दख्खनच्या मोठ्या नद्या आणि त्यांवरचे जलाशय हे त्याचे क्षेत्र. कोणत्या जातीला किती धोका आहे हे नोंदवणाऱ्या जागतिक लाल यादीत ते अतिसंकटग्रस्त आहे आणि २०२२ मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेले, म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी देवघेवीवर बंदी आली. फ्लॅपशेलचे जगणे निराळे आहे: उन्हाळ्यात डबके आटले की ते चिखलात स्वतःला गाडून घेते आणि पाणी येण्याची वाट पाहते. म्हणून त्याला लीथचे कासव समजून भीमेवर नेण्याचा खटाटोप व्यर्थ आहे.

त्याहून वाईट म्हणजे सोयीची म्हणून ठाण्याची खाडी गाठणे. खाडीचे पाणी खारे असते आणि ही गोड्या पाण्याची कासवे आहेत. कशेळी किंवा ऐरोली पुलाजवळ कासव सोडणाऱ्याची भावना चांगली असली तरी कृती कासवाच्या मुळावर येते. जात कोणतीही निघो, कासव घरी ठेवू नये, स्वतः कुठे सोडूही नये. तळाला थोडे ओले फडके घातलेल्या, झाकणाला भोके पाडलेल्या डब्यात सावलीत ठेवावे, कोणत्या रस्त्यावर सापडले ते लिहून घ्यावे आणि पोटाचे छायाचित्र सोबत देऊन वनविभागाला कळवावे.