तपकिरी छटेपलीकडचे जुनेपण

डिजिटल फोटोवर तपकिरी छटा चढवली, कोपरे काळवंडवले आणि वरून चार ओरखडे टाकले की तो जुना झाला, अशी बहुतेक तयार फिल्टरांची समजूत दिसते. तरीही असा फोटो नजरेला खटकतो, कारण जुन्या फोटोतील काही खुणा त्या काळच्या भिंगाने व रसायनाने दिलेल्या असतात, तर काही नंतरच्या वर्षांत कागदावर उमटलेल्या. म्हणून फोटोशॉप किंवा गिंप यांसारखे फोटो-संपादनाचे सॉफ्टवेअर उघडण्याआधी फोटो कोणत्या काळातला भासवायचा आहे, हे ठरवून घ्यावे लागते.

एकोणिसाव्या शतकाचे रूप हवे असेल, तर रंग काढण्याची पद्धतच बदलावी लागते. फोटो कृष्णधवल करताना पुष्कळ सॉफ्टवेअर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांना अनुक्रमे ०.२९९, ०.५८७ आणि ०.११४ असा भार देतात, कारण मानवी डोळ्याला हिरवा रंग सर्वाधिक उजळ वाटतो. त्या काळी फिल्मऐवजी वापरल्या जाणाऱ्या, प्रकाशाने बदलणाऱ्या रसायनाचा थर दिलेल्या बहुतेक प्लेटांवर मात्र मुख्यतः निळ्या, जांभळ्या व अतिनील प्रकाशाचाच परिणाम होत असे. चॅनेल मिक्सरमध्ये, म्हणजे प्रत्येक रंगाचा वाटा ठरवण्याच्या सोयीत, निळा शंभर टक्के ठेवून बाकीचे दोन शून्यावर आणले, की आकाश पांढरेफटक पडते, त्यातले ढग जवळजवळ पुसले जातात, लाल गुलाब काळा होतो आणि चेहऱ्यावरचे एरवी न जाणवणारे डाग ठसठशीत दिसू लागतात. माझ्या मते या एका पायरीने जे साधते, ते कोणत्याही छटेने साधत नाही. अर्थात, मोबाइलच्या फोटोत खरखर आणि जेपेगची चौकोनी ठिगळे निळ्या चॅनेलमध्येच अधिक असतात. तेव्हा त्यात थोडा हिरवा मिसळलेला बरा.

सेपिया, म्हणजे जुन्या फोटोंच्या तपकिरी छटेबाबतही असाच घोटाळा होतो. मूळ प्रक्रियेत प्रतिमेतील चांदीचे सिल्व्हर सल्फाइड बनते, म्हणजे जिथे चांदी तिथेच तपकिरी रंग. कोऱ्या कागदाला तो लागत नाही. कागद पिवळा पडतो तो वयामुळे. त्यामुळे तपकिरी रंग गडद व मध्यम छटांपुरता ठेवून कागदाचा पिवळेपणा मल्टिप्लाय पद्धतीच्या (खालचे चित्र गडद करत मिसळणाऱ्या) वेगळ्या लेयरवर, म्हणजे थरावर, द्यावा. शिवाय कर्व्ह्जमध्ये, म्हणजे छटांची उजळता बदलण्याच्या सोयीत, काळ्याची ० ही किंमत (पांढऱ्याची २५५ असते) तीस-पस्तीसपर्यंत उचलली, की शाई विटल्यासारखा परिणाम मिळतो.

कडांचे गणित तर उलटसुलट आहे. साध्या भिंगात प्रकाश हा भिंगाच्या मध्यातून जाणाऱ्या अक्षाशी होणाऱ्या कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो, म्हणून अक्षापासून ३० अंशांवर तो मध्याच्या सुमारे ५६ टक्केच उरतो. काळे कोपरे ही अशी भिंगाची देणगी होय. वयाने मात्र पुष्कळदा कडाच आधी फिकट होतात, कारण दमट हवा तिथूनच आत शिरते.

ग्रेनचा, म्हणजे फोटोतील दाणेदारपणाचा, सोसही आवरावा लागतो. मोठ्या प्लेटवर कागद टेकवून केलेल्या छपाईत प्रतिमा मोठी होतच नसे, त्यामुळे कण जवळजवळ दिसत नसत. ते ठळक झाले छोट्या फिल्मवरून मोठे फोटो छापले जाऊ लागल्यावर. ग्रेन टाकायचाच असेल तर तो एकरंगी ठेवावा, किंचित धूसर करावा आणि फोटोचा आकार लहान करून झाल्यावरच घालावा, नाहीतर तो आकारासोबत विरून जातो.

१९७० च्या दशकातील रंगीत फोटोला यातले बरेचसे लागू नाही. त्या काळच्या अनेक प्रिंटांत, अंधारात ठेवूनही, निळसर सायन रंगद्रव्य सर्वांत आधी विरते. सायन हा लाल प्रकाश शोषून घेणारा असल्याने तो घटला की लाल प्रकाश अधिक परत येतो आणि काळ्या सावल्याही तांबूस दिसतात. हे रूप आणण्यासाठी कर्व्ह्जमध्ये लाल चॅनेलची फक्त खालची, म्हणजे गडद छटांची, बाजू उचलावी.

ओरखडे आणि धूळ शेवटी. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की तो छपाईचा प्रकाश अडवतो, म्हणून प्रिंटवर त्याचा पांढरा ठिपका उमटतो. निगेटिव्हवरील प्रतिमेचा थर खरवडला गेला असेल तर तिथून अधिक प्रकाश जाऊन काळी रेघ येते. तयार टेक्स्चरमध्ये, म्हणजे फोटोवर चढवायच्या ओरखडे-धुळीच्या तयार चित्रांत, हा भेद सहसा पाळलेला नसतो, आणि एकच टेक्स्चर दोन फोटोंवर वापरले तर तोच ओरखडा त्याच कोपऱ्यात पुन्हा भेटतो.