ग्लोब आणि ब्लॅकफ्रायर्स: मंडळी एक, नाट्यगृहं दोन

शेक्सपिअरचं नाट्यगृह कोणतं, असं विचारलं की उत्तर येतं ‘ग्लोब’. ते खरं आहे, पण अर्धंच. १६०९ च्या सुमारापासून त्याची नाटक मंडळी, किंग्ज मेन, उन्हाळ्यात ग्लोबमध्ये खेळायची आणि हिवाळ्यात ब्लॅकफ्रायर्समध्ये. दोन्हीकडे त्याची भागीदारी होती. नट तेच, नाटकंही बरीचशी तीच, म्हणून एका वास्तूचं वर्णन दुसरीला सहज चिकटतं.

ग्लोब उभं राहिलं १५९९ मध्ये, थेम्सच्या दक्षिण काठावर. त्याची लाकडं मात्र जुनी होती. नदीच्या उत्तरेला शोरडिचमध्ये मंडळींचं आधीचं नाट्यगृह होतं, ‘द थिएटर’. त्याच्या जागेचा भाडेपट्टा संपला आणि जमीनमालकाशी जमेना, तेव्हा १५९८ च्या डिसेंबरअखेरीस मंडळींनी ती इमारतच उतरवली आणि तिचे वासे-तुळया पलीकडे नेल्या. मधलं अंगण उघडं, भोवती तीन मजली सज्जे. खेळ दुपारी, सूर्यप्रकाशात. अंगणात उभं राहायला एक पेनी. सुमारे तीन हजार माणसं मावत.

ब्लॅकफ्रायर्स नदीच्या उत्तरेला, डोमिनिकन साधूंच्या जुन्या मठातल्या एका दालनात होतं. दालन सहासष्ट फूट लांब, सेहेचाळीस फूट रुंद, वर छप्पर, आत मेणबत्त्यांचा उजेड. ‘द थिएटर’ बांधणाऱ्या जेम्स बर्बेजने ही जागा १५९६ मध्ये सहाशे पौंडांना घेतली, पण शेजारच्या प्रतिष्ठित रहिवाशांनी गर्दी-गोंगाट नको म्हणून अर्ज केला. अर्जावर शेक्सपिअरची पहिली कविता छापणाऱ्या, त्याच्याच गावच्या रिचर्ड फील्डचंही नाव आहे! मंडळींना तिथे खेळ करता आले नाहीत. पुढे तिथे मुलांच्या नाटक मंडळीने खेळ केले आणि १६०८ मध्ये ती पुन्हा बर्बेजच्या मुलाकडे आली.

खरा फरक दरांत दिसतो. आपल्याकडे ‘पिटातला प्रेक्षक’ म्हणजे स्वस्त तिकिटाचा, मोकळेपणी दाद देणारा. ग्लोबच्या अंगणातला माणूस तसाच होता: सर्वांत कमी पैसे देऊन रंगमंचाला सर्वांत जवळ. ब्लॅकफ्रायर्समध्ये हे उलटं झालं. वरच्या सज्जातली स्वस्त जागाच सहा पेनींची, आणि रंगमंचासमोरचं बाक दीड शिलिंग, म्हणजे अठरा पेनी. हौशी श्रीमंत तर थेट रंगमंचावर स्टूल टाकून बसत. ‘शेक्सपिअरची नाटकं सगळ्या थरांतले लोक एकत्र बघत’ हे वाक्य ग्लोबला शोभतं. ब्लॅकफ्रायर्सला ते लावू नये.

दुसरा फरक मेणबत्त्यांमुळे पडला, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. ग्लोबमध्ये नाटक सलग चाले. बंदिस्त दालनात अंकांच्या मध्ये थांबण्याची रीत होती. तेवढ्यात वाती कातरल्या जात आणि वादक वाजवत. ‘द टेम्पेस्ट’ नीट वाचा. चौथ्या अंकाच्या शेवटी प्रॉस्पेरो आणि एरियल आत जातात आणि पाचव्याच्या सुरुवातीला तेच दोघे परत येतात. सलग खेळात हे विचित्र दिसलं असतं. इथे मध्यंतर गृहीत धरलेलं आहे.

पण म्हणून शेवटची नाटकं ‘ब्लॅकफ्रायर्सची’ आणि आधीची ‘ग्लोबची’ अशी वाटणी करण्यात मला धोका दिसतो. सायमन फोरमन या वैद्य-ज्योतिषाने १५ मे १६११ रोजी ‘द विंटर्स टेल’ पाहिलं ते ग्लोबमध्ये. आणि २९ जून १६१३ ला आठव्या हेन्रीवरच्या नाटकात तोफ उडवताना ठिणगी गवती छपरावर पडली, ग्लोब जळून खाक झालं, तेव्हा हाताशी ब्लॅकफ्रायर्स असूनही मंडळींनी पुढच्या वर्षी ग्लोब कौलारू छप्पर घालून पुन्हा बांधलं. मंडळींना दोन्ही हवी होती.

आज लंडनला गेलात तर एक घोळ टाळा. १९९७ मध्ये खुलं झालेलं नवं ग्लोब मूळ जागेच्या जवळ आहे, नेमकं तिथेच नाही. त्याला लागून २०१४ मध्ये सुरू झालेलं मेणबत्त्यांचं छोटं नाट्यगृह ब्लॅकफ्रायर्सची प्रतिकृती नव्हे. ते सतराव्या शतकातल्या दुसऱ्याच एका नाट्यगृहाच्या आराखड्यांवरून बांधलं आहे. मूळ ब्लॅकफ्रायर्सची खूण नदीपलीकडे एका गल्लीच्या नावात उरली आहे: प्लेहाऊस यार्ड.