बंडीला रेंगी म्हणत नाही, मग ग्रोलरला हॅन्सम का?

आमच्या गावच्या वाचनालयात शेरलॉक होम्सची दोन-तीन मराठी पुस्तकं आहेत, पानं सुटलेली. त्यांत लंडनच्या रस्त्यावर जे काही धावतं ते सगळं ‘बग्गी’. अनुवादक कंटाळला की मधूनच टांगा. मीही इतकी वर्षं सगळ्या बग्ग्या एकाच साच्यातल्या समजून वाचत आलो.

या दिवाळीत भाचा नागपूरहून एक जाडजूड सचित्र पुस्तक घेऊन आला. होम्सच्या जगाची ओळख करून देणारं: टोप्या, गॅसचे दिवे, बेकर स्ट्रीटची बैठक आणि घोडागाड्यांची चांगली चार पानं. मोठे बाबा ओसरीवरच होते. जन्म सगळा बैलांमागे गेलेला. त्यांनी एका चित्रावर बोट टेकवलं.

“हा धुरकरी मांगं काहून बसला बे? घोड्याची शेपटी तरी दिसते का त्याले?”

ती हॅन्सम होती, लंडनची भाड्याची घोडागाडी. दोन चाकं, एक घोडा, आत दोघांपुरती जागा. हाकणारा, म्हणजे बाबांचा धुरकरी, मागे, छपराच्याही वर बसतो आणि लगाम छपरावरून पुढे जातात. छपराला छोटी झडप असते; आतल्या माणसानं ती वर ढकलून हुकूम सोडायचा. पुढून चिखल उडू नये म्हणून मांड्यांसमोर दोन फळ्यांचं दार. जोसेफ हॅन्सम या वास्तुविशारदानं 1834 साली तिचं पेटंट घेतलं. पुढे जॉन चॅपमननं रचना बरीच बदलली, पण नाव हॅन्समचंच चिकटलं. गाडी हलकी, वळायला चपळ. एकटा-दुकटा घाईचा माणूस तिलाच हात करायचा.

ग्रोलरला चार चाकं. बंद पेटीसारखी गाडी, आत समोरासमोर चौघं, हाकणारा आपल्या बंडीसारखा, म्हणजे बैलगाडीसारखा, पुढे, ट्रंका छपरावर. दगडी रस्त्यावर असा खडखडाट करायची की नावच ‘गुरगुरणारी’ पडलं. घोडा हिलाही एकच. बायकापोरं आणि बोजा घेऊन स्टेशन गाठायचं तर हीच.

मोठ्या बाबांना मी म्हटलं, हॅन्सम म्हणजे रेंगी अन् ग्रोलर म्हणजे बंडी. ते लगेच म्हणाले, बंडीलेही दोनच चाकं असतात. खरं आहे. चाकं मोजाल तर ही तुलना मोडते; कामाकडे पाहिलं तर बसते. कापूस भरून बाजारात न्यायची ती बंडी, पाहुण्याला घेऊन लग्नाला पळायची ती रेंगी. आमच्याकडे कुणी एकीला दुसरीचं नाव दिलं तर पोरंही हसतील.

आता बग्गी-बग्गी केल्यानं बिघडतं काय, तर पुरावाच पुसला जातो. 1887 च्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’चं उदाहरण घ्या. (रहस्य फोडतोय, सव्वाशे वर्षांहून जुन्या गोष्टीची माफी मागत नाही.) ओसाड घरात प्रेत सापडतं. आठवडाभराच्या कोरडीनंतर रात्री पाऊस झालेला आणि रस्त्याच्या कडेला ताज्या चाकोऱ्या. होम्स दोन चाकांमधलं अंतर पाहतो. ते कमी आहे, म्हणजे धनवंताची खाजगी घोडागाडी, ब्रूम, नव्हे; भाड्याची ग्रोलर. शकुंतला ही अरुंद रुळांची नॅरोगेज रेल्वे जिथे धावायची, त्या आमच्या मुलखात रुंदीचा हा हिशोब कुणाला शिकवावा लागत नाही. घोड्याच्या एका खुराचा ठसा बाकीच्या तिघांपेक्षा ठसठशीत, म्हणजे नाल नवी. आणि घोडा मोकाट इकडेतिकडे भटकलेला.

भाचा हे वाचून दाखवत होता. तो पुढच्या ओळीवर जायच्या आत मोठे बाबा बोलले, “मंग धुरकरी घरातच असन. नाई तं जनावर असं फिरू देते का कोणी?”

होम्सचा निष्कर्ष हाच. गाडीवानच खुनी.

पकडतानाही गाडी ग्रोलर असल्यानंच सगळं जुळून येतं. होम्स प्रवासाला निघाल्याचं सोंग करतो, सामान बांधायला गाडीवानाला वर बोलावतो आणि तो पट्ट्यावर वाकला की हातकड्या. मग त्याच्याच गाडीतून त्याला पोलिसांकडे नेतात. पोलीस अधिकारी लेस्ट्रेड हाकायला बसतो. आत कैदी, दुसरा अधिकारी ग्रेगसन, होम्स आणि वॉटसन. मोजा, चार. हॅन्सममध्ये हे चौघं कोंबून दाखवावेत. तरी मुखपृष्ठं काढणारे होम्स म्हटलं की हॅन्समच काढतात, कारण ती दिसते देखणी.

हॅन्सम हवी तिथे मात्र दुसरं काही चालत नाही. बास्करव्हिलच्या कथेत रीजंट स्ट्रीटवर दाट काळ्या दाढीचा माणूस गाडीतून बास्करव्हिल घराण्याचा वारस सर हेन्री याच्यावर पाळत ठेवतो. होम्सची नजर पडताच छपराची झडप उघडते, आतून ओरडून काहीतरी सांगितलं जातं आणि गाडी उधळल्यासारखी निघून जाते. होम्सच्या हाती उरतो फक्त गाडीचा नंबर, 2704. अनुवादात ‘बग्गीचं झाकण उघडलं’ असं वाचून मला कायम पेटीचं झाकण दिसायचं. झडप हाकणाऱ्याच्या पायाशी आहे, हे चित्र पाहिल्यावर कळलं.

जाता जाता डॉगकार्ट. तिला कुत्रे जुंपत नाहीत; बैठकीखाली शिकारी कुत्र्यांसाठी खण असायचा म्हणून ते नाव. दोन चाकांची, उघडी, खेड्यातली गाडी. ‘द स्पेकल्ड बँड’मध्ये एक बाई सकाळी सकाळी बेकर स्ट्रीटला येते. तिच्या डाव्या बाहीवर चिखलाचे सात शिंतोडे पाहून होम्स सांगतो, तुम्ही डॉगकार्टमध्ये हाकणाऱ्याच्या डाव्या बाजूला बसून आलात.

मोठ्या बाबांनी यावर मान डोलावली नाही. त्यांनी स्वतःच्या धोतराचा सोगा पाहिला, भाच्याच्या जीन्सकडे पाहिलं आणि विचारलं, “अन् पावसाळ्यात आमच्या रस्त्यानं आला असता, तं काय सांगतलं असतं त्यानं? सात कोण मोजते!”